पेडल दुरुस्त झालं

पायाने बटण दाबलं की गिटारीचा सूर गायब व्हायचा आणि आरा मशीनमध्ये सागाचा ओंडका अडकल्यासारखी किंचाळी यायची. नागसेनने पेडलचं, म्हणजे गिटारीचा आवाज बदलणाऱ्या त्या पेटीचं, झाकण पुन्हा उघडलं.

"सोमवारी वडशाले हाच आवाज आयकवता का?" त्याच्या बायकोने, दीपालीने, तांदूळ पाखडता पाखडता विचारलं.

"सोमवारपर्यंत नीट होते."

वडशाच्या एका नाटक कंपनीला या मोसमासाठी गिटारवाला हवा होता. सोमवारी चाचणी. निवड झाली तर थंडीभर गावोगावचे मंडप. नाही झाली तर गिटार विकून शिलाई मशीन घ्यायची, असं नवरा-बायकोत ठरलं होतं. दीपालीने मशीनचा रंगही ठरवून ठेवला होता.

नागसेनला काळजी नव्हती. पेडल त्याने स्वतः बनवलं होतं. नकाशा मोबाईलवरचा, पेटी जुन्या स्विचबोर्डाची आणि आत्मविश्वास घरचा. किंचाळी सोडली तर त्यात काही दोष नव्हता. शिवाय त्या किंचाळीसकट गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं.

सुरुवात पत्रूभाऊंनी केली. पेडल पहिल्यांदा किंचाळलं त्याच दिवशी ते ओसरीसमोर येऊन उभे राहिले.

"नागसेनभाऊ, आज आमच्या वावरात वाजवा ना जी. मोकळ्यात आवाज घुमते."

त्यांनी फवारणी पंपाची बॅटरी काढून भोंग्याला जोडून दिली, भोंग्याचं तोंड रानाकडे केलं आणि बसायला खाट दिली. पुण्या-मुंबईकडचे लोक शेतात जाऊन, तिकीट काढून गाणं ऐकतात, हे नागसेनने वाचलं होतं. ती लाट थेट पत्रूभाऊंच्या धानाच्या बांधीत पोचली, याचं त्याला कौतुक वाटलं.

मग बायनाबाईंनी बोलावलं, मग सोमाजीभाऊंनी. आता धान कापणीपर्यंत एकही संध्याकाळ रिकामी नव्हती. फर्माईश एकच: "ते बटन दाबूनच वाजवा." टाळ्या पडत नसत, कारण श्रोते लवकरच घोरू लागत.

"तुमी वाजवता तं आमाले कशी निवांत झोप लागते," बायनाबाई एकदा म्हणाल्या. भल्याभल्या गवयांना जन्मभर बसून हे साधत नाही. किराणा दुकानदाराने आणि शाळेच्या मास्तरांनी मात्र कधीच बोलावलं नाही. शिकलेल्या लोकांना संगीत कळत नाही, हे नागसेन स्वतः पदवीधर असल्याने जाणून होता.

"मंग दुरुस्त कायले करता?" दीपाली म्हणाली. "लोकाईले तं असाच आवडते."

"कलावंतानं लोकाईच्या आवडीवर थांबू नये."

त्याने बांबूची काडी घेऊन एकेक तार हलवून पाहिली. एका जागी किंचाळी चढली, उतरली, थांबली. तिथे गिटारीकडून येणारी आणि भोंग्याकडे जाणारी अशा दोन तारा त्याने सुबक दिसाव्यात म्हणून वेणीसारख्या गुंफल्या होत्या. जाणारीतला आवाज येणारीच्या कानात शिरायचा आणि दुप्पट होऊन बाहेर पडायचा, गावातल्या बातमीसारखा. नागसेनने वेणी सोडली, तारा पेटीच्या दोन टोकांनी फिरवल्या, झाकण लावलं आणि बटण दाबून गिटार छेडली.

दीपालीचं सूप हातातच थांबलं.

"बाप्पा! हे तं सनईवानी वाजून राह्यलं."

शिलाई मशीनचा रंग तिने तेव्हाच मनातून पुसला असावा.

रविवारी संध्याकाळी पत्रूभाऊंच्या शेतावर पाळी होती. नागसेनने पहिला तुकडा वाजवला. पत्रूभाऊ झोपडीतून बाहेर आले.

"भाऊ, बटन दाबलं का?"

"दाबलं."

"मंग पयलेवानी काऊन नाई वाजून राह्यलं?"

"दुरुस्त केलं. दोष सापडला."

"तो जुना आवाज आता निघतच नाई?"

"आता कायमचा गेला," नागसेन अभिमानाने म्हणाला.

"असं," पत्रूभाऊ म्हणाले आणि टॉर्च आणायला झोपडीत गेले.

त्या दिवशी कोणी घोरलं नाही. पत्रूभाऊ खाटेवर टेकलेसुद्धा नाहीत. टॉर्च घेऊन बांधावरून नुसते येरझारा घालत राहिले. एवढा अस्वस्थ झालेला श्रोता नागसेनने आजवर पाहिला नव्हता. सूर काळजाला भिडला की असंच होत असणार. तो डोळे मिटून आणखी गोड वाजवू लागला.

सोमवारी सकाळी पाठीला गिटार आणि हातात पेडल घेऊन तो वडशाच्या बससाठी निघाला, तर ओसरीसमोर अर्धं गाव उभं. पुढे पत्रूभाऊ, मागे सोमाजीभाऊ, पदर तोंडाला लावलेल्या बायनाबाई. एवढी माणसं निरोपाला येतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने दीपालीकडे एकदा पाहून घेतलं आणि हार घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून मान थोडी खाली केली. पत्रूभाऊ पुढे झाले. चिखलात तुडवलेल्या धानाची एक पेंढी त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली.

"रानडुकरं वापस आले जी," ते म्हणाले. "काऊन दुरुस्त केलं?"