तांब्याच्या भिंतीचा चौथा भाग

"अहो, परत एकदा तपासून घ्यायचं का? मग उद्या येऊ," जिन्यात थांबून ती म्हणाली.

"उद्या? उद्या शिल्पकार लेकीकडे निघालेत, कायमचे. आणि तपासायचं काय राहिलंय? काना-मात्रासुद्धा तीनतीनदा बघितलाय."

नवऱ्याने खिशातला कागद चाचपला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली, तर आधी चुका काढायचा आणि मग लग्न कुणाचं ते बघायचा.

 आजचा दिवस एकदाचा पार पडू दे, एवढंच ती सकाळपासून मनात घोकत होती.

चौकात तांब्याची एक उंच भिंत होती. पत्र्यातून आरपार कापलेली अक्षरं, आणि त्यांत शिल्पकाराने दडवलेले चार मजकूर. पहिले तीन लोकांनी वर्षाच्या आत सोडवले. चौथ्यापाशी मात्र सगळ्यांचं घोडं अडलं ते अडलंच. प्राध्यापक आले, संगणकवाले आले, एक ज्योतिषीही हात टेकून गेला. डोकं खाजवत उभ्या राहणाऱ्यांसाठी शेवटी नगरपालिकेने तिथे बाकं टाकली.

खरी गोम अशी होती की चौथ्या भागातून उत्तर निघायचं, पण प्रत्येकाचं वेगळं. अक्षरं उलगडायची जी किल्ली, म्हणजे जो नियम, धराल तसा मजकूर. कुणाला त्यात प्रेमपत्र दिसलं, कुणाला घराचा पत्ता. खरा मजकूर कुठला, ते एकट्या शिल्पकारांना माहीत. त्यांचा शिरस्ताही ठरलेला. पत्र नाही, फोन नाही. समोर यायचं आणि कागद द्यायचा. ते शेवटपर्यंत वाचणार आणि एक शब्द बोलणार. आजवर आलेल्या प्रत्येकाला एकच शब्द मिळाला होता: चूक.

नवऱ्यालाही तो पूर्वी दोनदा मिळाला होता.

त्याला हा नाद लागला तो मुलगी गेल्यावर. एकुलती एक मुलगी आजारात गेली आणि त्याने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. भरवलं तर खायचा, नाहीतर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, कशात तरी गुंतवा. कशात गुंतवणार? एकदा औषध आणायला म्हणून तिने त्याला ओढतच बाहेर नेलं, तर तो चौकात त्या तांब्याच्या भिंतीपुढे थांबला. ऊन उतरेपर्यंत तिथून हलला नाही. घरी येताना त्याने विचारलं, "जेवायला काय आहे?"

तिने स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

मग घरभर चौकटी आखलेले कागद झाले. अंघोळ करता करता तो मध्येच ओरडायचा, "सापडलं!" आणि अंग पुसेपर्यंत ते हरवलेलं असायचं. "मला तांब्याची सवत आलीय," असं ती शेजारणीला सांगायची, आणि मनातून त्या सवतीचे उपकार मानायची.

गेल्या आठवड्यात त्याला चौथा भाग सुटला. या वेळी त्याचा आरडाओरडा गल्लीने ऐकला. पण दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा अंथरुणात, तोंड भिंतीकडे. ताट जसंच्या तसं परत यायला लागलं.

"निकालाची धास्ती असते हो," शेजारीण म्हणाली. "एकदा बरोबर म्हणाले, की बघा कसे उठून बसतात."

तिने नुसती मान हलवली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

शिल्पकार आजारपणामुळे हल्ली बहिणीच्या घरी राहत होते. नवरा एकेका दारावरची पाटी वाचत उभा राहिला. ती पुढे गेली आणि बेलच्या बटणाला हात न लावता तिने कडी वाजवली. बेल बिघडलेलीच होती.

बहिणीने दार उघडलं आणि ती आत निघून गेली. खोलीत दोरीने बांधलेली खोकी होती. शिल्पकार खुर्चीत शाल पांघरून बसले होते. ते नवऱ्याकडे बघून हसले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"द्या," ते म्हणाले.

ते वाचू लागले. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. मध्येच ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एवढा वेळ त्यांनी पूर्वी कधी लावला नव्हता.  तिने नवऱ्याचं कोपर घट्ट धरून ठेवलं.

शिल्पकारांनी कागदाची घडी घातली आणि परत दिला.

"चूक."

नवरा मटकन खाली बसला, एका खोक्यावरच. 

"कुठे?" त्याने विचारलं.

"एकच शब्द. ठरलेलं आहे."

त्याने कागद उलगडला. बघता बघता तो पुटपुटायला लागला. "म्हणजे... किल्ली मी चौथ्या ओळीपासून धरली. तिथेच घोळ. अगं, चल, चौकातून जाऊ! ऊन आहे तोवर अक्षरांच्या सावल्या बघता येतील. आणि वाटेत काहीतरी खाऊ या, भूक लागलीय."

शिल्पकारांना नमस्कार करून तो निघालासुद्धा. जिन्यात त्याची पावलं भराभर उतरत गेली.

"व्हा पुढे, आलेच," तिने आवाज दिला आणि ती खोलीत परत आली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिने हात जोडले.

शिल्पकार खिडकीकडे बघत होते.

"काल तुम्ही एकट्या आलात, रडलात, आणि मी शब्द देऊन बसलो," ते म्हणाले. "म्हटलं, एवीतेवी चुकीचंच आणतील, मला कुठे खोटं बोलावं लागणार आहे! इतकी वर्षं कुणीतरी येईल म्हणून वाट बघत बसलो होतो हो मी. अक्षर न् अक्षर बरोबर आणलं त्यांनी."