मिशीची पैज

"मॅच संपेपर्यंत तोंडातून एक शब्द निघाला, तर मैदानातच मिशी उडवीन," बबनराव म्हणाला.

"अन् नाई निघाला, तं मी माह्या बायकोची, रुपीची ओढणी डोक्यावर घेऊन मैदानाले चक्कर मारीन. 'बबनराव सज्जन माणूस हाय' असं बोंबलत," शेजारचा देवीलाल म्हणाला.

पानठेल्यावर हशा पिकला. बबनराव अन् गप्प? फुलसावंगीत कबड्डी असली की पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार त्याच्याच तोंडून व्हायचा. समोरच्या टीमच्या पोरीबाळींनाही तो सोडत नसे. नात खुशीनं तर सांगूनच टाकलं होतं, "आबा, तुम्ही ओरडले तं मी खेळनच नाई." अन् या तोंडापायीच धाकट्या पोराचं, नयनचं लग्न दोनदा जुळता जुळता मोडलं होतं. पोरगा लाखात एक, पण असा सासरा कोण झेलणार?

उमरखेडच्या पोरींशी सामना सुरू झाला. बबनराव गालात तंबाखूचा खर्रा कोंबून पुढंच बसला. बाजूला देवीलाल.

पंच म्हणून यवतमाळहून एक तरुण बाई आली होती. पहिल्याच चढाईत तिनं खुशीला बाद दिलं. बबनराव ताडकन उठला. देवीलालनं सदरा धरून खाली ओढला.

"बस ना बे! मिशी जाईन."

बबनरावनं डोळे वटारले. पैज जिंकायची सोडून हा मलेच कायले वाचवून राह्यला? पण विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

"ओ पंच बाई, चष्मा लावा!" मागून गावातला शाम ओरडला.

बबनराव गर्रकन वळला अन् ओठावर बोट ठेवलं. आपण जळायचं अन् यानं मजा मारायची? शाम गारच पडला. मग बाकीचेही.

शेवटची चढाई. खुशीनं उमरखेडच्या पोरीचा पाय धरला, पण ती फरफटत मधल्या रेषेला टेकली. गेली मॅच! ती पोरगी फुटलेला गुडघा धरून तिथंच बसली.

बबनराव लालबुंद होऊन उठला. देवीलालनं डोळे मिटले.

बबनराव सरळ त्या पोरीकडे गेला. खांद्यावरचा दुपट्टा तिच्या गुडघ्याला बांधला अन् टाळ्या वाजवायला लागला. आधी खुशीनं वाजवल्या, मग साऱ्या गावानं.

"आता काढ ओढणी!" मिशीला पीळ देत बबनराव गरजला.

देवीलाल आरशांची लाल ओढणी घेऊन निघाला. "बबनराव सज्जन माणूस हाय!" लोक हसून लोटपोट.

"ओ, आरसे सांभाळा माहे!" रुपीबाई ओरडली.

पंच बाईसमोर तर तो मुद्दाम थांबून दोनदा बोंबलला.

ती हसली, त्याच्या डोक्यावरची ओढणी नीट केली अन् हळूच म्हणाली, "पुरे काका, तुम्ही सांगितलं होतं ते पटलं. बाबाले सांगते, रविवारी नयनले पाहाले चाला."