मिनलचा फासा

पुन्हा एक.

"मिनल विहिरीत पडली," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला.

थेरगावातल्या सोसायटीच्या क्लबहाउसमधला हा चौथा रविवार. मुलांच्या हातातले मोबाइल सुटावेत म्हणून उत्कर्षानं हा खेळ काढला होता. ती गोष्ट सांगायची, मुलं गोष्टीतली माणसं व्हायची. कुणी वैद्य, कुणी तिरंदाज. काही धाडस करायचं असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वीस पडला तर फत्ते, एक पडला तर फजिती.

राजाचा हरवलेला हत्ती शोधायचा, एवढंच काम. पण पहिल्या रविवारी मिनल दरीत कोसळली. दुसऱ्या रविवारी तिला चोरांनी पळवलं. तिसऱ्या रविवारी ती नदीत वाहून गेली. हत्ती जंगलात होता तिथंच उभा.

"थांब गं मिनल, दोर टाकतो!" धनेश खुर्चीवरून उठलाच.

"आधी मी उतरते, वैद्य मी आहे!" तनुजा ओरडली.

"अरे, हत्तीचं काय?" उत्कर्षानं विचारलं. कुणी ऐकलंच नाही.

मिनल दहा वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी काळेवाडीहून ए विंगमध्ये राहायला आली होती. गप्प गप्प असायची. उत्कर्षाच्या संचात एक फासा कमी होता, म्हणून दुसऱ्या रविवारी मिनलनं घरून स्वतःचा आणला. ॲल्युमिनियमचा, आकडे ठोकून उमटवलेला. तिचे वडील बुद्धरत्न चाकणला एका वर्कशॉपच्या टूलरूममध्ये होते. त्यांनीच तो बनवला होता.

"मिनल, आता तरी माझा फासा घे," उत्कर्षा म्हणाली.

"नको ताई. हा पप्पांनी केलाय."

उत्कर्षानं आपला फासा परत संचात ठेवला.

मिनलला विहिरीतून काढेपर्यंत बारा वाजले. आयांच्या हाका सुरू झाल्या. तनुजानं मिनलला हाताला धरून आपल्या घरी जेवायला ओढून नेलं. त्या गडबडीत फासा टेबलावरच राहिला.

उत्कर्षानं तो सहज टाकून बघितला. एक. परत टाकला. एक. दहापैकी आठ वेळा एक.

आता मात्र तिचा पारा चढला. आठवडाभर माण गावातल्या ऑफिसात डोकं पिकवून घ्यायचं, आणि हातातला रविवार असल्या फाशापायी घालवायचा! ती तडक ए विंगला गेली.

दार बुद्धरत्नांनी उघडलं.

"भाऊ, राग मानू नका," ती म्हणाली, "पण हा एका बाजूला जड झालाय. सारखा एकच पडतो. तीन रविवार बिचारीची फजिती चाललीय. टूलरूमच्या माणसाच्या हातचं काम असं?"

बुद्धरत्नांनी फासा तळहातावर घेतला. ओशाळं हसले.

"काम बरोबर आहे, मॅडम. आत शिसं भरलंय. दोन वाया गेले, तिसरा जमला."

"मुद्दाम केलंत? अहो, मग निदान वीस तरी पाडायचा!"

"मी पण तेच म्हणालो. तर म्हणाली, 'नको पप्पा. वीस पडला की मी एकटीच पुढं जाते. एक पडला की सगळे मला शोधायला येतात.'"