डोकं शेवटी

वर येता येता उयाराक पुन्हा घरंगळला आणि कायाकसकट, त्या अरुंद कातडी होडीसकट, उलटा झाला. पाणी कानात सुयांसारखं टोचत होतं. सीलच्या कातड्याचा अंगरखा चेहऱ्याभोवती, मनगटांना आणि होडीच्या तोंडाला आवळून बांधलेला. पाणी आत शिरू नये म्हणून बांधतात, पण मग माणसालाही बाहेर पडता येत नाही. त्याने होडीच्या बुडावर थापा मारल्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या टोबियास मामाने होडी सरळ केली.

"भागली का तहान?" मामाने विचारलं.

उयाराक नुसता खोकत राहिला. काठावर बाकीचे शिकारी भाल्यांचे दोर गुंडाळत होते. एकशिंगी देवमासे खाडीत आले होते आणि त्यांना पहिला भाला कायाकमधूनच मारायचा, ही गावाची रीत. भाला लागला की मासा ओढ घेतो, होडी पालथी होते. ती आपली आपण सरळ करता येत नसेल, तर मामा सख्ख्या भाच्यालाही नेत नसे. दुपारी सगळे निघणार होते. "तू काठावर बस, आमची कॉफी गरम ठेव," असं त्याचा मेहुणा सकाळीच म्हणाला होता. ते उयाराकला फार झोंबलं होतं.

"जोर कमी पडतो का माझा?"

"जोर उतू चाललाय तुझा. तू डोकं आधी काढतोस. आधी होडी फिरू दे, मग अंग. डोकं शेवटी."

"श्वास कोंडतो हो, मामा."

"कोंडणारच. आता असं कर, वर यायचंच नाही. नुसतं बुडायचं. आणि थापा मारू नकोस, मला हल्ली कमी ऐकू येतं."

उयाराक उलटला. खाली हिरवा अंधार होता. श्वास संपत आला, तशा त्याने थापा मारल्या. कुणी आलं नाही. गाठी ओढून पाहिल्या, त्या आणखी आवळल्या. आपण इथेच मरणार, असं त्याला खरंच वाटलं. मग त्याला मामाचे बूट दिसले. हातभर अंतरावर होते, आणि हलत नव्हते.

त्याला मामाचा भयंकर राग आला. मग रागही दमला आणि वर जायची घाई त्याच्याबरोबरच गेली. वल्हं पाण्यावर आडवं तरंगत होतं. त्याने त्यावर हात टेकला, कमरेने होडी लोटली आणि मान मागे टाकून दिली.

ऊन डोळ्यांवर आलं, तेव्हा होडी सरळ होती.

"चल, भाल्याचा दोर बांधून घे," मामा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

उयाराकने नाक शिंकरलं. "थांबा जरा. डाव्या बाजूने वर यायचं राहिलंय."

आणि तो आपणहून उलटला. खाली तोच हिरवा अंधार होता, तेच बूट. त्यातल्या एकाला ठिगळ होतं.