दुरुस्तीला आलेलं पुस्तक

खळ कधीच वाळली होती, तरी तिनं ते पुस्तक वजनाखालून काढलं नव्हतं. आज तिसरा आठवडा.

बालवाचनालयाच्या मागच्या खोलीत ती फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करायची. चित्रांची पुस्तकं फार हाल सोसून तिच्याकडे यायची. कुणाचा कणा मोडलेला, कुणावर दुधाचे डाग, कुठे राजकन्येला पेनानं मिशा काढलेल्या. अलीकडे घरांबद्दलची पुस्तकं बरीच येत होती. एकात दोन आया आणि त्यांची जुळी. एकात आजोबा आणि नात, बस, दोघंच. आणि हे तिसरं. एक बाई संस्थेत जाते, तिथल्या पाळण्यातली मुलगी गाडीतून घरी आणते आणि त्या दिवसापासून तिची आई होते.

"मुलं विचारतायत हो त्या पुस्तकाचं," ग्रंथपाल बाई दारातून म्हणाल्या. "झालं का?"

"शिवण अजून ओढतेय," ती म्हणाली.

शिवण घट्ट बसली होती. शनिवारी घरी जाताना तिनं ते पुस्तक पिशवीत टाकलं.

शाळेनं अडचण करून ठेवली होती. दुसरीच्या मुलांनी सोमवारी आपला जन्मल्या दिवशीचा फोटो आणायचा होता. भिंगरीचा सगळ्यात जुना फोटो चौदा महिन्यांची असतानाचा. भिंगरी म्हणजे तिची मुलगी. पोरगी घटकाभर एका जागी बसत नसे, म्हणून आजीनं हे नाव पाडलेलं.

लग्न न करता एकटीनं मूल घ्यायचं तिनं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. आई मात्र एका शब्दानंही आडवी आली नाही. उलट कुठले कागद लागतात, संस्थेची माणसं घरी येऊन काय काय विचारतात, हे वकिलाच्या आधी तिलाच ठाऊक. उभा जन्म कचेरीत गेलेला. कागदांचं तिला काय नवल?

म्हणूनच भिंगरीला इतक्यात काही सांगू नये, हा आईचा आताचा हट्ट कळत नव्हता.

रविवारी दुपारी भिंगरी खाली खेळायला गेली होती. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आज सांगतेय मी तिला," ती म्हणाली.

"एवढी काय घाई आहे? लहान आहे अजून."

"सात वर्षांची आहे. उद्या फोटो मागतील. काय देऊ?"

"हरवला म्हणून सांग."

"आणि परवा? ती माझ्यासारखी दिसत नाही, हे तिला आरशात दिसत नसेल?"

"तू तरी कुठे माझ्यावर गेलीस? कुणी काही विचारलं?"

दोन वर्षं हे बोलणं असंच गोल गोल फिरत होतं. तिचा तोल गेला.

"तुला लाज वाटते का गं तिची?"

आईचे हात थांबले. "हे पुन्हा बोलू नकोस."

"मग अडवतेस कशाला? उद्या बाहेरून कुणी सांगितलं तर? माझ्यापासून कुणी असं लपवलं असतं ना, तर मी जन्मात त्याचं तोंड पाहिलं नसतं."

घडी घातलेला उशीचा अभ्रा आईनं उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला. मग तो तसाच टाकून उठली.

"जरा पाय मोकळे करून येते," म्हणाली आणि चपला घालून गेली.

घरात ती एकटी उरली. ती पाणी प्यायली. खिडकी उघडली, लावली. पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, तिथून उचलून पलंगावर. 'तू माझ्या पोटातून आली नाहीस' हे वाक्य तिनं तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा ते मध्येच तुटलं. आपण आईला फार लागेल असं बोललो का, हेही मधूनच टोचत होतं. ते आई आल्यावर बघू, असं तिनं ठरवलं. एका वेळी एकच.

भिंगरी घामाघूम होऊन वर आली. तिनं लेकीचे हातपाय धुवून दिले, शेजारी बसवलं आणि पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर पाळणा होता.

"ही बाई ना, बाळाला आणायला गेली होती. हे बाळ तिच्या..."

भिंगरीनं पानावर हात ठेवला. "माहितेय मला. मी पण अशीच आले."

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. मागच्या सुट्टीत. मीच विचारलं होतं."

आजीनं! रोज तोंडावर बोट ठेवणाऱ्या आजीनं. तिला राग यावा की हसू, कळेना. इतक्या दिवसांचा छातीवरचा दगड कुणीतरी आधीच उचलून ठेवला होता. तिनं लेकीला जवळ ओढलं, तिच्या ओल्या केसांत तोंड खुपसलं.

"मग मला का नाही बोललीस, वेडे?"

"आजी म्हणाली, थांब जरा. आधी मी तुझ्या आईशी बोलते, मग तू बोल." भिंगरीनं मान वर केली. "आज तू हे पुस्तक काढलंस ना, मला वाटलं, बोलली ती."

"माझ्याशी? माझ्याशी काय बोलायचं होतं तिला?"

भिंगरीनं खालचा ओठ दातांत धरला. दाराकडे एकदा पाहिलं.

"हेच," ती हळूच म्हणाली. "की तिनं पण तुला असंच आणलं होतं."