दुसरी पोस्टल ऑर्डर

पारनेरच्या पोस्टात शामकांत मास्तरांनी मुंबईहून आलेलं पाकीट फोडलं, आत बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. खिडकीपलीकडे मनकर्णा उभी होती. दुष्काळी कामावर खडी फोडून ती तशीच आली होती. तिचा हात धरून तिची सासू झुंबरबाई. म्हातारीला अगदी डोळ्यांजवळ धरलेलं तेवढंच दिसायचं.

"अर्ज परत आला," मास्तर म्हणाले. "फीची पोस्टल ऑर्डर याही वेळी नाकारली."

मनकर्णाचा नवरा गहिनीनाथ चार वर्षं विलायतेत भट्टीच्या कारखान्यात होता. बायकोला तिकडे बोलावून घेण्याचा तो अर्ज होता.

पहिल्या वेळी झुंबरबाईनं भाबडेपणानं घोळ घातला होता. नवी गाय आली, नवं बियाणं आलं, की ती हळदीकुंकू वाहायचीच. तसं तिनं पोस्टल ऑर्डरलाही वाहिलं. ओलं कुंकू शिक्क्यावर पसरलं आणि अर्ज माघारी आला. हसावं की रडावं, मास्तरांना कळेना. दुसरी ऑर्डर देताना त्यांनी दोघींनाही बजावलं होतं, "हिला काही लावू नका. डाग पडला की वाया. आणि एकतीस डिसेंबरला अर्जाची मुदत संपते, मग माझ्या हातात काही नाही."

आज जानेवारीची आठ तारीख होती.

मास्तरांनी ऑर्डर पुढे सरकवली. बरोबर शिक्क्यावर कुंकवाचं बोट उठलं होतं. मनकर्णाला तो दिवस आठवला. पाकीट चिकटवायला पिठाची खळ करायची म्हणून ती चुलीपाशी गेली होती. परत आली तर म्हातारी म्हणाली होती, "कागद घातलेत मी आत. तू निस्तं चिकटव."

"आत्याबाई, मास्तरांनी सांगितल्यालं इसरला व्हय?"

झुंबरबाईनं ऑर्डर नाकापाशी नेऊन निरखली.

"न्हाई. ध्यानात हुतं."

मास्तरांचा शिक्का मारायचा हात थांबला.

"पयल्यांदा देवासाठी लावलं," म्हातारी म्हणाली. "ह्या टायमाला माझ्यासाठी. तू गेल्यावर मला भाकर कोन देनार हुतं?"

मनकर्णाला तिचा असा तिटकारा आला की धरलेला हात तिनं झटकून टाकला. म्हातारी खिडकीच्या फळीला धरून उभी राहिली.

मग मास्तरांनी हळूच विचारलं, "गहिनीनाथाला काय कळवू?"

"येत न्हाई म्हनावं," मनकर्णा म्हणाली.

ती बाहेर पडली. पोस्टाच्या तीन पायऱ्या उतरून रस्त्याला लागली, लिंबाच्या झाडापर्यंत गेलीसुद्धा. मागं झुंबरबाई दारात येऊन उभी होती आणि एक पाय पुढं करून हवेत चाचपत होती.

"मनकर्णे, पायरी कुठंशी हाय गं?"

मनकर्णा तिथंच थांबली. मग माघारी आली, आणि वर न बघता तिनं हात पुढं केला. म्हातारीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.