मोहाखालची हाळी

गुणाबाईने हाळी दिली, "हूऽऽ!" पलीकडच्या मोहाखालून शेजारच्या कमळाने उत्तर दिलं, नाल्याकाठून म्हाताऱ्या मुखरूभाऊने दिलं. सुनेच्या झाडाखालून आवाज आला नाही.

मोहफुलं वेचताना माणूस सारखं वाकलेलं असतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला सावज वाटतं. म्हणून मधूनमधून एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून उत्तर द्यायचं, हा इथला नेमच. गुणाबाईने पुन्हा हाळी दिली. पुन्हा काही नाही. तिने टोपली टाकली आणि धावत सुटली. मागून कमळा, तिच्यामागे कुऱ्हाड उगारून मुखरूभाऊ.

सून दिव्यानी धडधाकट होती. बुंध्याला टेकून, कानात इअरफोन घालून मोबाइलवर बोट फिरवत बसली होती. भोवती फुलांचा सडा तसाच पडलेला. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच मोहाचा हंगाम.

गुणाबाई मटकन खाली बसली. तिला रडू आवरेना. मुखरूभाऊ मात्र भडकला. असंच असेल तर उद्यापासून हिला घरीच ठेवा, हिच्यापायी एखाद दिवशी कुणाचा तरी जीव जाईल, असं सुनावून तो गेला. कमळाही गेली. दिव्यानीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

गुणाबाईने डोळे पुसले. "काय पाहून राह्यली होती वो?" तिने विचारलं. रागाने नव्हे. असं काय असतं त्यात, हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दिव्यानीने आठवून पाहिलं. कुणीतरी नाचत होतं. कुणाचं तरी लग्न, की डोहाळजेवण? सांगण्याजोगं काही हाती लागेना. तीच चकित झाली. इतका वेळ पाहिलं ते गेलं कुठे? मुकाट्याने तिने मोबाइल सासूपुढे धरला.

गुणाबाईने घेतला नाही. "मले देऊन काय होते? हात तं तुह्यापाशीच राह्यते."

ती आपल्या झाडाकडे गेली. दिव्यानी वेचायला लागली, पण आता तिला त्या हाताचंच कुतूहल लागलं. थोड्या वेळाने तो फुलं सोडून कमरेला खोचलेल्या मोबाइलकडे निघाला. ना रिंग वाजली होती, ना मेसेज. काऊन निघाला बा हा? तिने त्याला मागे घेतलं. पुन्हा निघाला तेव्हा तिने कान दिला. रानात काहीच वाजत नव्हतं, पाखरंही गप्प होती. तिच्या पोटात गोळा आला होता. म्हणजे असं होतं तर. हाळी संपून सगळं चिडीचूप झालं की गोळा येतो, आणि गोळा आला की हात निघतो. बाया नाचताना दिसल्या की गोळा विरतो. पण वाघ असला तर तो असतोच तिथे.

तेवढ्यात गुणाबाईची हाळी आली. कमळाने उत्तर दिलं, मुखरूभाऊने दिलं. आता दिव्यानीची पाळी. तिने हात छातीशी धरला आणि हूऽऽ म्हणायच्या ऐवजी मोठ्याने सांगून टाकलं, "मले भेव लागून राह्यलं!"

कुणी हसलं नाही.

मग नाल्याकाठून मुखरूभाऊचा जाड आवाज आला, "मलेबी लागते वो, सूनबाई."